मुलांकडे जाताना विम्याचा कागद



ईद सरली की आमच्या मोहल्ल्यात माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. कुणाची सून बाळंत व्हायची असते. कुणाची लेक नोकरीला लागलेली असते आणि नातवाला सांभाळायला घरचे माणूस हवे असते. कुणी नुसतेच ‘पोराने बोलावलंय’ म्हणून निघतात. पूर्वी कोकणातल्या घरांतून कमावता माणूस कुवेत, मस्कत, दुबईला जायचा आणि मागे घर वाट बघत बसायचे. आता मुले शारजा, लंडन, टोरांटोला स्थिरावली आहेत आणि निवृत्त आई-वडील सहा-सहा महिने, कधी वर्ष-वर्ष त्यांच्याकडे जाऊन राहतात. लोणच्याच्या बरण्या चार-चार पिशव्यांत गुंडाळल्या जातात. विम्याचा कागद मात्र एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो आणि तो कुणी उघडूनही पाहिलेला नसतो.

आमच्या घरात तो कागद उशिरा उघडला गेला, म्हणून या महिन्यात त्याच्याविषयी लिहिते आहे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, आणि दुल्हाभाई तीन वर्षांपूर्वी कॅनडाला मुलाकडे गेले. दुल्हाभाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा वय ६८. रक्तदाब होता, साखर थोडी वर, पण रोज फजरनंतर दोन किलोमीटर चालणारा माणूस. जायच्या पाच आठवडे आधी आमच्या गावच्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, रक्तदाब जरा वरच आहे, गोळी पाचची दहा करू. झाले. दुल्हाभाईंनी नवी स्ट्रिप घेतली आणि विषय संपला. घरात कुणाला ही सांगण्यासारखी गोष्टही वाटली नाही.

टोरांटोजवळ मुलाच्या घरी दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. रात्रीच इस्पितळात नेले, अँजिओप्लास्टी झाली. अल्लाहच्या मेहेरबानीने माणूस वाचला. पाचव्या दिवशी घरी आले. मग विमा कंपनीने इथल्या डॉक्टरांचे सहा महिन्यांचे कागद मागवले. त्यात गोळी वाढवल्याची चिठ्ठी होती, तारखेसकट. क्लेम नामंजूर. बिल पाच आकडी होते, आणि तेही डॉलरमध्ये. भाच्याने इस्पितळाशी बोलून हप्ते बांधून घेतले आणि ते हप्ते अजून चालू आहेत. दुल्हाभाई त्याबद्दल बोलत नाहीत, पण त्यानंतर किती तरी दिवस ते मुलाच्या घरी चहासुद्धा मागून पीत नव्हते, असे आपा सांगते.

हे का झाले ते नीट समजून घेऊ, कारण कॅनडाला जाणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांना ते लागू आहे.

कॅनडात आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. आधी ही मुदत दोन वर्षांची होती. पण या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. म्हणून व्हिसासाठीच अट आहे की किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा काढलेला असावा. नुसते कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. पूर्वी हा विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागे. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, मात्र तिला तिथल्या नियामकाची मान्यता हवी.

आता आपल्या लोकांचे काय होते? एक लाख डॉलर हा आकडा ऐकला की आपल्याला वाटते, एवढा मोठा विमा आहे, आता काय चिंता. प्रत्यक्षात साठी ओलांडलेल्या माणसासाठी विम्याची रक्कम ही दुसरी गोष्ट झाली. पहिली गोष्ट म्हणजे अंगात आधीपासून असलेले आजार. बहुतेक पॉलिसींत एक शब्द असतो: ‘स्थिर’. तुमचा जुना आजार विमा सुरू होण्याआधी ठरावीक दिवस स्थिर असेल तरच त्यातून उद्भवलेल्या दुखण्याचे पैसे मिळतील. हे दिवस कुठे ९०, कुठे १२०, कुठे १८० असतात. काही स्वस्त पॉलिसी तर जुना आजार मुळीच धरत नाहीत.

आणि स्थिर म्हणजे काय, हे आपण समजतो ते नव्हे. आपल्या बोलीत स्थिर म्हणजे ‘बरंय, त्रास नाही’. पॉलिसीच्या बोलीत स्थिर म्हणजे त्या मुदतीत नवे लक्षण नाही, नवी गोळी नाही, जुनी गोळी बंद नाही, इस्पितळात भरती नाही, कुठल्या तपासणीचा निकाल यायचा बाकी नाही, आणि गोळीचा डोसही बदललेला नाही. वाढवला तरी बदल, आणि पुष्कळ पॉलिसींत कमी केला तरी बदलच. म्हणजे डॉक्टर खूश होऊन म्हणाले, ‘तब्येत सुधारली, अर्धीच घ्या’, तरी कंपनीच्या हिशेबात तुम्ही अस्थिर. काही कंपन्या इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे औषध यांच्या नेहमीच्या फेरफाराला सूट देतात, काही एकाच औषधाचा ब्रँड बदलला तर तो बदल धरत नाहीत. पण हे प्रत्येक पॉलिसीत वेगळे. ते कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही, पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर सापडेल. मुलाला सांगा, पैसे भरण्याआधी ते एक पान मराठीत किंवा घरच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखव.

दुल्हाभाईंच्या पॉलिसीत १८० दिवसांची अट होती. त्याशिवाय एक प्रश्नावली होती. गेल्या सहा महिन्यांत औषधात काही बदल झाला का? उत्तर होते ‘नाही’. ते दुल्हाभाईंनी लिहिलेच नव्हते. मुलाच्या ओळखीच्या एजंटने फोनवर विचारले, ‘अंकल ठीक आहेत ना?’ भाचा म्हणाला, ‘हो, एकदम फिट.’ एजंटने ओळीने सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. सही मात्र दुल्हाभाईंच्या नावाची. भाच्याने नंतर तक्रार केली, लेखी अपील केले. पण इथल्या चिठ्ठीवरची तारीख स्पष्ट होती, पुढे काही झाले नाही.

मला कंपनीपेक्षा आमचाच राग जास्त आला. एजंट त्याचे कमिशन बघणार, कंपनी तिचा कागद बघणार. आमच्या घरात शिकलेली सात माणसे, त्यांतल्या एकानेही ते चार प्रश्न वडिलांना समोर बसवून विचारले नाहीत. या प्रश्नावलीत चुकीचे उत्तर गेले तर कंपनी अख्खी पॉलिसीच रद्द ठरवू शकते, मग दुखणे त्या आजाराचे असो वा नसो. म्हणजे रक्तदाब लपवला आणि जिन्यावरून पडून हाड मोडले, तरी अडचण येऊ शकते. खरे सांगितल्याने प्रीमियम वाढेल, कदाचित एखादा आजार वगळला जाईल. ते कळलेले बरे. निदान आपण काय घेऊन चाललो आहोत आणि काय नाही, ते माहीत राहते.

एक ताकीद मात्र आवर्जून द्यायची आहे. हे वाचून कुणी डॉक्टरांना म्हणू नका की ‘विम्यासाठी गोळी वाढवू नका’. आणि चिठ्ठीवर न लिहिता तोंडी डोस वाढवून घेण्याचा शहाणपणाही नको. गोळी लागते तर लागते. बदलायची ती प्रवासाची तारीख.

दीर्घ मुक्कामातली आणखी एक मेख बहुतेकांना दुसऱ्या वर्षी कळते. पहिल्या वर्षाची पॉलिसी संपली की दुसऱ्या वर्षाची पॉलिसी बहुधा नवा करार असतो. पहिल्या वर्षी तिकडे जो आजार निघाला, तो दुसऱ्या वर्षी ‘जुना आजार’ होतो आणि स्थिरतेचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. म्हणून वर्षभराहून जास्त राहायचा बेत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी काय होईल हे सुरुवातीलाच लेखी विचारावे. शिवाय तिकडे पोचल्यावर पॉलिसी घेतली तर आजारपणासाठी काही दिवस थांबावे लागते. विमानातून उतरायच्या दिवशीच ती सुरू झालेली असावी.

आखाताचे गणित निराळे आहे. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा आहे. मुलाने आई-वडिलांना आपल्या जबाबदारीवर निवासी व्हिसावर नेले, तर त्यांचा विमा काढणे हे त्याच्याच अंगावर. सर्वांत साध्या पॉलिसीची वार्षिक मर्यादा दीड लाख दिऱ्हम आहे. ताप, खोकला, किरकोळ भरती यांना ती पुरते. बायपाससारखे मोठे काम निघाले तर कमी पडू शकते. जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आहे का, आणि कोणती इस्पितळे यादीत आहेत, एवढे दोन प्रश्न मुलाला विचाराच. आपल्या बहुतेकांचे आई-वडील मात्र ३० किंवा ६० दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर जातात आणि मग तो तिथेच वाढवला जातो. व्हिसा वाढला म्हणजे विमा आपोआप वाढला, असे नाही. आमच्या शेजारच्या खाला तीन आठवडे विम्याशिवाय राहिल्या आणि हे कुणाच्या लक्षातही आले नव्हते. त्यांचे नशीब, काही झाले नाही. आणि हो, अमिरातीत जाताना ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेले औषध आधी परवानगी घेतल्याशिवाय बॅगेत टाकू नका. गुडघेदुखीवाल्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावे.

लंडन-बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो की तिकडे इलाज फुकट. भेटीच्या व्हिसावर सहा महिने राहणाऱ्याला तातडीच्या विभागात तपासून घ्यायला पैसे पडत नाहीत, हे खरे. पण तिथून वॉर्डात भरती केले की बिल सुरू होते, आणि ते सरकारी दराच्या दीडपट लावले जाते. पाचशे पौंडांहून जास्त बिल दोन महिने थकले तर त्याची खबर तिथल्या गृहखात्याला जाते आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. नातवाचा चेहरा पुन्हा बघायचा तर हे बिल विसरून चालत नाही.

अमेरिकेबद्दल एवढेच सांगते की तिथे स्वस्त पॉलिसी आणि महाग पॉलिसी हा नुसता किमतीचा फरक नसतो. स्वस्त पॉलिसी दर दिवसाला, दर शस्त्रक्रियेला ठरावीक रक्कम देते आणि वरचे सगळे तुमच्यावर. इस्पितळाचे बिल त्या ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे जाते. जुन्या आजाराबाबत तिथल्या पॉलिसी फार तर त्याचा ‘अचानक उद्भवलेला झटका’ धरतात, आणि त्यालाही वयाची अट असते. ग्रीन कार्ड मिळालेल्या आई-वडिलांनाही ६५ वर्षांनंतरचा सरकारी विमा लगेच मिळत नाही. तो पैसे भरून घ्यायलासुद्धा सलग पाच वर्षे तिथे राहिलेले असावे लागते.

इथल्या, म्हणजे भारतीय कंपन्यांच्या प्रवास विम्याविषयी पुष्कळ विचारणा होते. तो भारत सोडण्याआधीच घ्यायचा असतो आणि एका प्रवासाला बहुधा १८० दिवसांपर्यंत मिळतो, काही कंपन्या पुढे वाढवून देतात. त्यात जुन्या आजाराला बहुतेक वेळा फक्त जिवावर बेतल्यावर आणि मर्यादित रकमेपुरतेच संरक्षण असते. साठीच्या पुढे खोलीभाडे, सर्जनची फी यांच्यावर वेगळ्या मर्यादा असतात. म्हणून मुखपृष्ठावरचा पन्नास हजार डॉलरचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. अशा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

आणि गावची पॉलिसी? अनेकजण म्हणतात, ‘वर्षभर इथे नाहीच, तर मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा?’ ही फार महागात पडणारी बचत आहे. भारतीय मेडिक्लेम साधारणपणे परदेशातल्या इलाजाचे पैसे देत नाही, सत्तरीवरच्यांसाठीचे आयुष्मान कार्डही इथल्याच इस्पितळांत चालते. तरीही परत आल्यावर आसरा त्यांचाच. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. तीही उलटली की पॉलिसी खंडित होते, आणि जुन्या आजारांसाठी भरत आणलेला तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. सत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी मागायला जाण्यापेक्षा तिकडून मोबाइलवर हप्ता भरलेला बरा.

काही भगिनी विचारतात, विमा घेणे जायज आहे का? मी मुफ्ती नाही आणि फतवा देणे माझे काम नाही. एवढे माहीत आहे की १९८५ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने नेहमीच्या व्यापारी विम्याला विरोध केला आणि एकमेकांच्या मदतीवर उभ्या असलेल्या सहकारी विम्याला मान्यता दिली. त्याच धर्तीवरच्या तकाफुल कंपन्या अमिरातीत आहेत. तिथे राहणाऱ्यांना निवड आहे, भारतात ती नाही. जिथे व्हिसासाठी विमा कायद्यानेच लागतो, तिथे काय करावे हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना तिकीट काढण्याआधी विचारावे, विमानतळावर नव्हे. उमऱ्याला जाणाऱ्यांच्या व्हिसात विमा सौदी सरकारनेच जोडलेला असतो, पण तो त्या व्हिसापुरता. तिथून पुढे दोन महिने मुलाकडे दोहाला राहायचे, तर दोह्याची सोय वेगळी बघावी लागते.

आणखी एक गोष्ट बोलायला जड आहे. पॉलिसीत मय्यत मायदेशी पाठवण्याच्या खर्चाचे कलम असते. आपल्याकडे दफन लवकर व्हावे, जिथे मौत आली तिथल्याच मातीत व्हावे, असेच बहुतेकांना वाटते. मग ते कलम आपल्या काय कामाचे? अनेक पॉलिसींत त्याऐवजी तिथेच दफन करण्याच्या खर्चाचा पर्याय असतो, पण त्याची रक्कम वेगळी आणि बहुधा कमी असते. परक्या देशात कबरीची जागा, गुस्ल, वाहतूक हे सगळे विकत घ्यावे लागते. म्हणून हे कलम आहे की नाही ते बघावे आणि आपली इच्छा मुलांना सांगून ठेवावी. आमच्याकडे हा विषय कुणी काढायला धजत नव्हते. शेवटी दुल्हाभाईंनीच जेवताना सहज सांगून टाकले, ‘मला कुठेही ठेवा, विमानात घालू नका.’ आपा उठून स्वयंपाकघरात गेली.

मागच्या वर्षी सुनेला दिवस गेले आणि मुलाने पुन्हा बोलावले. या वेळी दुल्हाभाईंनी स्वतः एक फाइल केली. सगळ्या चिठ्ठ्या तारखेवार, चालू औषधांची यादी औषधाच्या मूळ नावानिशी आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची, जुने अहवाल, स्टेंटचे कार्ड. प्रश्नावली त्यांनी स्वतः वाचली, जे समजले नाही ते मुलाला फोनवर दोनदा विचारले, आणि एजंटला सांगितले, ‘खूण मी करणार.’ प्रीमियम आधीच्या दुपटीहून जास्त आला. कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी पाकिटात ठेवला, कारण इस्पितळात भरती होण्याआधी किंवा झाल्याबरोबर कळवले नाही तर काही कंपन्या पैसे कापतात.

तिकीट काढायचे तेवढे बाकी होते, आणि डॉक्टरांनी साखरेसाठी एक नवी गोळी सुरू केली. पॉलिसी ९० दिवसांच्या अटीची होती आणि नव्या गोळीला त्यात सूट नव्हती. दुल्हाभाईंनी कॅलेंडर काढले, चिठ्ठीच्या तारखेपासून दिवस मोजले आणि शंभराव्या दिवसाचे तिकीट काढले. नात त्याआधीच जन्मली. अकीका त्यांनी आमच्या घरी बसून मोबाइलवर बघितला. आपा म्हणत होती, बाळाचे केस तरी नीट दाखवा रे. दहा दिवसांनी दोघे निघाले. या वेळी लोणच्याच्या बरण्या सामानात गेल्या आणि फाइल दुल्हाभाईंनी हातातल्या पिशवीत ठेवली.